शुगर, बीपी आणि 'हो/नाही'चा चौकोन

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या मित्रमंडळींत एक प्रश्न हमखास फिरतो. कुणाच्या तरी बहिणीचं किंवा बायकोचं बाळंतपण असतं, आई-बाबांचा व्हिसा झालेला असतो, तिकिटं काढलेली असतात, आणि मग शेवटच्या आठवड्यात आठवण येते : "अरे, बाबांना शुगर आहे. त्यांच्यासाठी कुठला ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊ?" त्यावर पाच मिनिटांत पाच उत्तरं येतात, पाचही जण स्वस्तात स्वस्त प्लॅनची नावं सांगतात आणि विषय संपतो. मला या विषयावर जरा जास्त बोलायचंय, कारण यंदा आमच्या घरून आई-बाबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेले. बाबांचा डायबेटिस वीस वर्षांचा, आता इन्सुलिनवर. आईला बीपी. म्हणजे अगदी कुठल्याही मराठी घरातलं जोडपं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि ३१ कोटींहून अधिक उच्च रक्तदाबवाले निघाले होते. तेव्हा हा काही लाखात एखाद्याचा एज केस नाही मंडळी, हा मेन फ्लो आहे.

आणि नेमका याच मेन फ्लोवर सगळा कोड फाटतो.

इथल्या आरोग्यविम्यात जुन्या आजाराला निदान तारीख तरी असते. पॉलिसी सलग चालू ठेवली की जास्तीत जास्त ३६ महिन्यांनी तो कव्हर करावाच लागतो (२०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती). प्रवासविमा मात्र त्या त्या प्रवासापुरता असतो. त्यामुळे तिथे प्रतीक्षा संपण्याचा प्रश्नच येत नाही. बाबांचा वीस वर्षं जुना डायबेटिस दर वेळी नव्याने 'जुना' ठरतो. :)

एका एजंटने मला फोनवर अगदी आपुलकीने सल्ला दिला, "साहेब, डायबेटिस लिहूच नका. उगाच भानगड. सगळे असंच करतात." वाईट माणूस नव्हता तो. त्याला पॉलिसी विकायची होती आणि मला प्रीमियम कमी हवा असेल असं त्याने गृहीत धरलं होतं. पण या सल्ल्याइतका महागडा सल्ला दुसरा नाही. तिकडे हॉस्पिटलात गेल्यावर पहिला प्रश्न "कुठली औषधं घेता?" हाच असतो. बाबा काय सांगणार? खरंच सांगणार, सांगायलाच हवं. ते केस पेपरवर जाणार, आणि क्लेम आला की कंपनी सगळ्यात आधी तोच कागद मागवणार. म्हणजे जे फॉर्मवर लपवलं ते पहिल्या तासात बाहेर. आणि मग नुसता डायबेटिसचा नाही, पाय मोडल्याचा क्लेमसुद्धा अडकवायला कंपनीला निमित्त मिळतं.

उलट खरं लिहिलं तर काय होतं, याचं एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयातच आहे. २००९ च्या मे महिन्यात एक गृहस्थ लग्नासाठी अमेरिकेला निघाले. ओव्हरसीज मेडिक्लेम घेतला होता, फॉर्मवर डायबेटिस लिहिला होता, कंपनीच्या नियमाप्रमाणे तपासण्याही करून घेतल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले आणि दरदरून घाम फुटला. हॉस्पिटल, अँजिओप्लास्टी, तीन स्टेंट. कंपनीने क्लेम नाकारला. कारण? ते स्टॅटिन घेत होते आणि रक्तातल्या चरबीबद्दल त्यांनी सांगितलं नव्हतं! राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते २०१५ मध्ये हरले. शेवटी ६ डिसेंबर २०२१ ला न्या. चंद्रचूड आणि न्या. नागरत्ना यांच्या पीठाने निकाल दिला. मधुमेह्याला स्टॅटिन देणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि आजार माहीत असताना, तपासून, तुम्हीच पॉलिसी दिलीत. आता त्याच आजाराकडे बोट दाखवून पैसे नाकारता येणार नाहीत.

निकाल वाचून बरं वाटतं. पण साडेबारा वर्षं! आणि लक्षात घ्या, ते उभे राहू शकले ते फॉर्मवरच्या एका खऱ्या उत्तराच्या जोरावर. आमच्या एजंटचा सल्ला त्यांनी ऐकला असता तर केस उभीच राहिली नसती. स्टॅटिनवरून मी एवढं मात्र घेतलं, की फॉर्म भरताना आजारांची नावं आठवत बसायचं नाही. गोळ्यांचा डबा समोर ओतायचा आणि एकेक गोळी लिहायची. बाबांना ज्या गोळीचं कारणच ठाऊक नव्हतं तीही.

खरं लिहिलं तरी अर्धंच काम झालं. दुसरं अर्धं म्हणजे 'कव्हर्ड' या शब्दाचा अर्थ. अमेरिकेत आलेल्या पाहुण्यांसाठी तिथल्या कंपन्या ज्या पॉलिसी विकतात, त्यात जुन्या आजाराचं 'अक्यूट ऑनसेट' कव्हर असतं असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. आता त्याची व्याख्या वाचा. त्रास अचानक, काही पूर्वसूचना नसताना व्हायला हवा, आणि साधारणपणे २४ तासांत उपचार सुरू व्हायला हवेत. हळूहळू बळावणारं काहीही यात बसत नाही. वयाची अट वेगळी. बऱ्याच प्लॅनमध्ये सत्तरीनंतर हे कव्हर एकदम आटतं किंवा गायबच होतं. म्हणजे हार्ट अटॅक आला तर बहुधा बसेल. पायाची जखम चिघळली तर नाही. आणि इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला, शुगर खाली आली, बाबा चक्कर येऊन पडले तर? अचानक की अपेक्षित? मधुमेह्याच्या बाबतीत सगळ्यात शक्य असलेली इमर्जन्सी हीच, आणि व्याख्या नेमकी तिथेच मुग्ध.

"पण तिकडे कायदा आहे ना, इमर्जन्सीत कुणालाही परत पाठवत नाहीत," असं कुणीतरी म्हणतंच. बरोबर आहे, १९८६ चा कायदा आहे. ते तपासतील, स्थिरस्थावर करतील. बिल माफ करतील असं त्या कायद्यात नाही. आणि २०१४ पासून जुन्या आजारावरून विमा नाकारता येत नाही हा ओबामांच्या काळातला नियम पाहुण्यांसाठीच्या या पॉलिसींना लागू नाही.

कॅनडावाल्यांची गंमत आणखी वेगळी. तिथल्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनडियन डॉलर्सचा वर्षभराचा विमा सक्तीचाच आहे. तिथल्या बऱ्याच पॉलिसी जुना आजार कव्हर करतात, पण तो आधीचे अमुक दिवस (९०, १८०, प्लॅनप्रमाणे) 'स्टेबल' असला तर. आणि स्टेबल म्हणजे औषधात बदल नाही. डोस वाढला तर नाहीच, पण बऱ्याच ठिकाणी कमी झाला तरीही नाही! तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनी बीपीची गोळी अर्धी केली, की तुम्ही अनस्टेबल. म्हणून कॅनडाला जाणाऱ्यांनी डॉक्टरांकडची फेरी निघायच्या आठवड्यात न ठेवता चार-सहा महिने आधी करावी. औषध बदलायची खरी गरज असेल तर बदलावंच, आणि कंपनीला कळवावं.

माझा खरा राग आहे तो फॉर्मवर. मी पाहिलेल्या बहुतेक ऑनलाइन फॉर्मवर एकच चौकोन होता. कुठलाही जुना आजार आहे का : हो/नाही. वीस वर्षांचा डायबेटिस आणि काल सुरू झालेली थायरॉइडची गोळी, दोघांना एकच बूलियन! 'हो' म्हटलं की काही ठिकाणी पुढचं पानच उघडत नाही, काही ठिकाणी सगळं मुकाट्याने वगळलं जातं. मग माणसं 'नाही' टिकवतात यात नवल ते काय? आपण असा फॉर्म लिहिला असता तर कोड रिव्ह्यूत कुणी पास केला नसता. ब्रिटनमध्ये आजारवार प्रश्न विचारतात आणि त्याप्रमाणे प्रीमियम लावतात. शिवाय २०२१ पासून तिथे नियम आहे की आजारामुळे विमा नाकारला किंवा प्रीमियम फार वाढवला, तर असे आजार कव्हर करणाऱ्या कंपन्यांची यादी ग्राहकाला दाखवायची. हे आपल्या आयआरडीएआयला अवघड नाही. १० कोटी गिऱ्हाइकं ज्या उत्तरात आहेत ते उत्तर दिल्यावर दार बंद करणं हा धंदा म्हणूनही वेडेपणाच आहे.

तोपर्यंत आम्ही काय केलं ते सांगतो. तीन कंपन्यांना एकच मेल पाठवला. त्यात बाबांचं वय, सगळी औषधं डोससकट, आणि दोनच प्रश्न : शुगर एकदम खाली जाऊन इमर्जन्सीत न्यावं लागलं तर पैसे मिळतील का, आणि हार्ट अटॅक आला तर डायबेटिसचं कारण सांगून नाकाराल का. एकीने जाहिरातीची पीडीएफ पाठवली. दुसरीकडून "टर्म्स अँड कंडिशन्स पाहाव्यात" असं एका ओळीचं उत्तर आलं. तिसरीने दोन्ही प्रश्नांना मुद्देसूद उत्तर दिलं, रकमेच्या मर्यादेसकट. तिचा प्रीमियम सगळ्यात जास्त होता. तीच घेतली.

त्या मेलचा प्रिंटआउट आता ताईच्या फ्रिजवर लावलाय, कंपनीच्या फोन नंबराच्या शेजारी. आणि सहा महिन्यांचं इन्सुलिन खालच्या कप्प्यात. हो, ते नेताना केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये गोठून वाया जायची भीती असते. सोबत डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन, औषधांच्या जेनेरिक नावांसकट. आपले ब्रँड तिकडच्या फार्मसीत कुणी ओळखत नाही.