मोबाईलवरचा आकडा आणि बांधाचा दगड

बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात गावोगावचे शेतकरी बोकड घेऊन उतरतात. सौदे उरकले की गप्पा हटकून बांधावर येतात. आता त्यात मोबाईल शिरला आहे. “फोन सांगतो, माझी हद्द शेजाऱ्याच्या शेतात चार हात आत आहे!” एवढ्या भांडवलावर भावकी कोर्टाची पायरी चढायला निघते. म्हणून हा विषय जिल्हा बैठकीपुढे मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

अक्षांश-रेखांश म्हणजे जमिनीचा पत्ता. पण तो लिहिण्याच्या रीती अनेक आहेत. देवनारचा अक्षांश सुमारे 19.05 अंश. अंशाची मिनिटे साठ, म्हणजे हे झाले 19 अंश 3 मिनिटे. कोणी ते 19 अंश 5 मिनिटे असे वाचले, तर तो साडेतीन किलोमीटरहून अधिक उत्तरेला, घाटकोपरकडे पोचेल.

दुसरी गोम पायाची. भारताचे जुने सर्वेक्षण नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले आहेत. त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातले कल्याणपूर. उपग्रहांचे आकडे मात्र डब्ल्यूजीएस-84 या पायावर, पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेले. आपल्या ‘नाविक’ उपग्रहांचाही पाया तोच. आकडा तोच ठेवून पाया बदलला, तर आपल्या भागात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. एकराच्या चौकोनी रानाची बाजू 64 मीटर. म्हणजे अख्खे रान दुसऱ्याच्या शेतात!

तिसरी गोष्ट फोनची. उघड्या आभाळाखालीही तो काही मीटर चुकतो. शंभर मीटरच्या बांधावर पाच मीटरची चूक म्हणजे 500 चौरस मीटर, जवळजवळ पाच गुंठे. भूमि अभिलेख खात्याचे रोव्हर यंत्र स्थिर केंद्रांकडून दुरुस्ती घेते, म्हणून ते सेंटिमीटरमध्ये मोजते.

पण यंत्र नेमके, म्हणून निवाडा नेमका असे होत नाही. आपले जुने गावनकाशे 33 फुटी, सोळा आण्यांच्या साखळीने मोजलेले. त्या मोजणीत अक्षांश-रेखांश नव्हतेच. तो कागद नव्या आकड्यांवर बसवायचा तर शिवेचे दगड आणि बांधाच्या जुन्या खुणा धराव्या लागतात. दगडच चुकीचा धरला, तर रोव्हर ती चूक सेंटिमीटरपर्यंत नेमकी करून देतो!

तेव्हा शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, फोन बघून कुदळ उचलू नका. जुना दगड उपटू नका आणि उपटू देऊ नका. मोजणीला स्वतः हजर राहा. कोणत्या खुणा धरल्या ते विचारा, टिपणाशी ताडून पाहा. पटले नाही तर हरकत लेखी द्या. ई-मोजणीच्या नव्या पद्धतीत नकाशावर अक्षांश-रेखांश येतात. त्यांचा पाया आणि धरलेल्या खुणाही ‘क’ प्रतीवर लिहून मिळाव्यात, असा ठराव प्रत्येक तालुक्याने करावा. मोजणीची फी आपण भरतो. मोजले कशावरून, हे कळण्याचा हक्कही आपलाच आहे.