जपानला शिकायला जायचंय? आधी भाषाशाळा की थेट विद्यापीठ?

जपानला शिकायला जायचं ठरलं, की एजंट बहुतेकदा भाषाशाळाच सुचवतो. प्रवेश सोपा आणि दोन वर्षांपर्यंत राहता येतं. पण हातात पदवी आहे की नाही, यावर सगळं गणित बदलतं.

तिथे ऑफिसातल्या नोकरीच्या व्हिसासाठी साधारणपणे पदवी लागते, किंवा जपानमधल्याच व्यावसायिक महाविद्यालयाचा डिप्लोमा. भाषाशाळेचं प्रमाणपत्र त्यात धरलं जात नाही. म्हणजे पुण्यात इंजिनिअर झालेली मुलगी भाषाशाळेत जपानी पक्की करून तिथेच नोकरी शोधू शकते. बारावीनंतर गेलेल्या मुलाला मात्र दोन वर्षांची फी भरूनही पुढे कॉलेज गाठावंच लागतं. अनेक विद्यापीठं त्यासाठी ईजेयू परीक्षेचे गुण मागतात आणि ती वर्षातून दोनदाच होते, जून आणि नोव्हेंबरमध्ये.

बारावीनंतर थेट विद्यापीठही शक्य आहे. वासेदा, सोफिया अशा विद्यापीठांत काही पदव्या पूर्ण इंग्रजीतून करता येतात. अर्थात, वर्गाबाहेर आणि पुढे मुलाखतीत जपानीवाचून अडतंच.

'काम करून फी निघेल' हे वाक्य जरा जपून ऐका. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. मर्यादा ओलांडली किंवा भाषाशाळेतली हजेरी घसरली, की व्हिसा वाढवून मिळणं अवघड होतं. त्यात भाषा येत नसेल, तर सुरुवातीला कामही पटकन मिळत नाही.

पैसे भरण्याआधी एजंटला विचारा: या शाळेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांपैकी किती जण विद्यापीठात गेले, किती नोकरीला लागले आणि किती घरी परतले?