आधी मोजा, मग बोला

रुग्ण समोर आला की आम्ही आधी नाडी, ताप, रक्तदाब मोजतो. औषधाचा विचार नंतर. मात्र आपल्या संशोधन संस्थांना विचारा, वीज नेमकी कुठे जाते, पाणी कुठे मुरते? उत्तर बहुधा मिळत नाही. साऱ्या इमारतीचे एकच बिल येते, लेखा विभाग भरतो आणि विषय मिटतो.

नागपूरला हे परवडणारे नाही. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह धरणाने तळ गाठला आणि शहराने दिवसाआड पाणी अनुभवले. याच शहरात १९५८ पासून 'नीरी' पाणी आणि पर्यावरणावर संशोधन करते. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. म्हणजे ज्ञान गावातच आहे. ते प्रयोगशाळेच्या दारातून आत यायला हवे.

काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत पाहिले. ऊर्ध्वपातन यंत्र थंड ठेवणारा नळ सकाळपासून बेसिनमध्ये वाहत होता. मी हटकले तेव्हा परिचर म्हणाला, "सर, बंद केला तर यंत्र जळेल." त्याचे बरोबरच होते. तेच पाणी टाकीतून फिरवण्याची सोय कुणी केली नव्हती. ज्याच्या हाती नळ, त्याच्या हाती निर्णय नव्हता.

लेखापरीक्षण म्हणजे उणीदुणी काढणे नव्हे. प्रत्येक विभागाला वेगळे मीटर बसवा. रात्री अकराला आणि पहाटे पाचला नोंद घ्या. माणसे नसताना काय चालू असते ते कळेल. उणे ८० अंशांचा एक डीप फ्रीझर दिवसाला वीसेक युनिट खातो, एखाद्या मध्यमवर्गीय घरापेक्षा जास्त. नमुन्यांना चालत असेल तिथे तो उणे ७० वर ठेवला तर साधारण ३० टक्के वीज वाचते. आत कुणाचे नमुने आहेत हेच ठाऊक नसेल, तर आधी यादी करा. आरओचे वाया जाणारे पाणी फरशी आणि शौचालयासाठी वापरा.

काही ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नये. रक्तपेढीचे शीतकरण, शस्त्रक्रियागृहातील हवा, जंतूंपासून बचाव करणारी उपकरणे ही चैन नव्हे. काय तोडायचे नाही, हेही मोजल्यावरच ठरते.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. अहवाल तयार होतात आणि कपाटात जातात. म्हणून माझी सूचना साधी आहे: दरमहा विभागवार युनिट आणि लिटर सूचनाफलकावर लावा आणि बचतीचा काही भाग त्याच विभागाला दुरुस्तीसाठी द्या. परिचरालाही त्या बैठकीत बसवा.

मे महिन्यात उष्माघाताचे रुग्ण येतात, तेव्हा वॉर्डात बर्फ, कूलर आणि पाणी एकाच वेळी लागते. दुसरीकडे वाया गेलेला प्रत्येक लिटर त्या दिवशी आठवतो.