डब्यावरचा त्रिकोण मधमाशीला विचारून ठरलेला नाही

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरच्या संत्राबागायतदारांनो,

कृषी केंद्रात औषध घेताना आपण डब्यावरचा त्रिकोण बघतो. लाल असला तर दचकतो, निळा-हिरवा असला तर निर्धास्त होतो. पण 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे हा रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या उंदरासारख्या प्राण्यावरून. मधमाशी त्या हिशेबात नाहीच. इमिडाक्लोप्रिडवर पिवळा त्रिकोण असतो. उंदराला त्याची घातक मात्रा किलो वजनामागे सुमारे 450 मिलिग्रॅम. मधमाशीच्या पोटात सुमारे 4 नॅनोग्रॅम गेले की निम्म्या माशा मरतात. म्हणजे एका ग्रॅममध्ये अशा 25 कोटी मात्रा मावतात. डबा मात्र पिवळाच.

आता आपल्या बागेकडे या. ताण तोडून पाणी दिले की आंबिया बहरात नवती आणि फुले एकदमच निघतात. सायला ही कीड नवतीवर बसते, मधमाशी शेजारच्या फुलावर. आपण सकाळी दहाला पंप पाठीवर घेतो, आणि तीच वेळ माशीच्या कामाची असते. फवारा अंगावर आलेली माशी बागेतच पडते. थोडेच विष घेतलेली वाट चुकते, किंवा विषारी पराग घेऊन घरी पोचते आणि तो अळ्यांच्या तोंडी जातो. इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसातून फिरते, त्यामुळे कळी उमलण्याच्या तोंडावर मारलेले औषधही मकरंदात उतरू शकते.

सातेरीच्या पेट्या ठेवणाऱ्याला आदल्या दिवशी निरोप दिला तर तो पेट्या हलवील. मोठ्या झाडावर लोंबणाऱ्या आग्या मोहोळाला निरोप कोण देणार? ते कोणाच्या मालकीचे नाही, म्हणून त्याच्या मरणाची तक्रारही कोणी करत नाही. पण भोपळा, काकडी, कारले, दोडक्याची नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशी नाही तर फळ नाही, मग खताची गोणी कितीही ओता.

हा प्रश्न फक्त माशीचा आहे असे समजू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा सरकारने पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांवर बंदी घातली, तीही 60 दिवसांची. त्यांत फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण होते. ही दोन्ही मधमाशीला अतिविषारी. मुदत संपली, बंदीही संपली. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन उघड्या शेतात वापरायला बंदी केली, आणि ती मधमाश्यांसाठी. तिथल्या माशीचा जीव मोलाचा आणि इथल्या मजुराचाही साठ दिवसांपुरताच?

सायला सोडून द्या असे आम्ही म्हणत नाही. तिच्यामुळे ग्रीनिंग रोग पसरतो, बाग बसते, हे आम्हालाही माहीत आहे. पण दुकानदाराने सांगितले म्हणून, शेजाऱ्याने मारले म्हणून, दोन-तीन औषधे एका पंपात कालवून मारायची ही सवय सायलाने लावलेली नाही. आधी नवती तपासा. कीड थोडी असेल तर निंबोळी तेलाने भागवा. फुले उमललेली असताना मधमाशीला विषारी असलेले कोणतेही औषध नको. बांधावरचे फुललेले तणही फवाऱ्यातून वगळा. फवारणी अटळच असेल तर सूर्य मावळल्यावर, वारा पडल्यावर करा, आणि पेट्यावाल्याला आदल्या दिवशी फोन करा.

केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था, दोन्ही नागपुरातच आहेत. त्यांनी फवारणीच्या प्रत्येक वेळापत्रकात मधमाशीचा रकाना छापावा: कोणते औषध, फुलोऱ्याच्या किती दिवस आधी बंद. कंपन्यांनी माशीचे ठळक चित्र त्रिकोणाशेजारी लावावे, आतल्या चिठ्ठीच्या बारीक अक्षरांत नव्हे. पेट्या मेल्या तर गाय-बैल मेल्यासारखा पंचनामा व्हावा आणि भरपाई मिळावी. येत्या ग्रामसभेत हे तीन ठराव मांडा. नकार आला तर तो लेखी घ्या.

– नागपूर जिल्ह्यातील काही मधपाळ व संत्राउत्पादक