हिरवा माणूस किती वेळ थांबतो?



आपल्यातल्या बऱ्याच आजी-आजोबांची एकच तक्रार. "हिरवा दिवा बघूनच उतरतो, तरी अर्ध्या रस्त्यात लाल कसा होतो?" त्यांचं काही चुकत नाही. मोठ्या चौकातला हिशेबच तरण्याताठ्यांच्या चालीचा असतो.

रमझोरची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, असं पुष्कळ देशांत वर्षानुवर्षं धरत आले. म्हणजे 12 मीटरच्या रस्त्याला 10 सेकंद. पण 2012 साली इंग्लंडमधला एक अभ्यास छापून आला. त्यात 65 वर्षांवरच्या पुरुषांची चाल सरासरी 0.9 मीटर आणि बायकांची 0.8 मीटर निघाली. म्हणजे आम्हा बायकांना त्याच रस्त्याला 15 सेकंद! त्यात गुडघे दुखत असले, शुकातल्या भाजीच्या पिशव्या हातात असल्या, तर विचारूच नका.

म्हणून आधीपासून लागलेला हिरवा दिवा पाहून उतरू नये. तो किती उरलाय कोणाला ठाऊक? एकदा लाल होऊ द्या, मग ताज्या हिरव्याला उतरा. मध्ये दुभाजक असला तर दोन्ही भागांचे दिवे वेगळे असू शकतात. नजर पलीकडच्या दिव्यावर जाते आणि घोटाळा होतो. आधी आपल्या पुढ्यातला दिवा बघा, दुभाजकावर थांबा, मग पुढचा बघा. चालता चालता लाल झाला तर परत फिरू नका, धावूही नका. उतरलेल्या माणसाला पलीकडे पोचता यावं म्हणून गाड्या सोडण्याआधी थोडे सेकंद राखलेले असतात. घाईत पडून खुब्याचं हाड मोडलेल्या किती बायका मी वॉर्डात सांभाळल्या! काहींची काठी मग कायमची झाली.

उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांची वेगळी वाट असते, तिथे नुसते पांढरे पट्टे, दिवा नाही. तिथे ड्रायव्हरने थांबायचं हा कायदा आहे, पण त्याने आपल्याला पाहिलंय का हे आपणच बघावं. 50 किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात 14 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढी पुढे येते.

आता बाळांनो, तुमच्यासाठी. नऊ वर्षं पूर्ण होईपर्यंत मोठ्यांचा हात धरूनच रस्ता ओलांडायचा. तुम्ही धीट नाही म्हणून नव्हे. गाडी किती जोरात येतेय याचा अंदाज लहानपणी नीट येत नाही, आणि उभ्या गाडीच्या आड तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाही. मोठ्या भावंडांनो, विजेची सायकल 16 वर्षांच्या आत चालवायची नाही आणि फुटपाथवर तर कोणीच नाही. आम्हाला ती ऐकूसुद्धा येत नाही!

एक काम मात्र नातवंडांनीच करावं. घड्याळ घेऊन आजी-आजोबांबरोबर चौकात जा. फुटपाथवर उभं राहून हिरवा माणूस किती सेकंद दिसतो ते मोजा. मग आजींना ओलांडायला किती लागले ते मोजा. दोन्ही आकडे, चौकाचं नाव आणि वेळ कागदावर लिहून इरियाच्या 106 नंबरावर कळवा. हिब्रू तुमचं चांगलं, बोलायचं तुम्हीच. तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा. नुसतं "वेळ कमी पडतो" म्हटलं की ऐकून सोडून देतात, सेकंद सांगितले की लिहून घ्यावं लागतं.