पानिपताचा जाब बुंदीला विचारू नका

दरवर्षी १४ जानेवारी आली की आमच्या ग्रुपवर एक प्रश्न हटकून येतो: "तेव्हा रजपूत कुठे होते?" यंदा तो एका निवृत्त कर्नलसाहेबांनी टाकला. माझ्यापेक्षा बरेच सीनियर, ज्यांच्यासमोर मी अजूनही खुर्चीत सरळ बसतो. खाली टाळ्यांचा आणि झेंड्यांचा पाऊस. मी तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

सर, माझं पोस्टिंग कोट्याला होतं. तिथून बुंदी तासाभराची वाट. लोक राजवाड्यातली चित्रशाळा बघतात, फोटो काढतात आणि परततात. मी तारागडावर चढलो. भीम बुरुजावरून खाली निळसर घरांचं गाव दिसतं. या गावाने मराठ्यांना फार जवळून पाहिलंय. हाडा चौहानांचं हे राज्य दोन-सव्वादोन हजार चौरस मैलांचं. त्यातून कोटा शाहजहानच्या काळातच वेगळा झाला होता.

आमच्याकडे शिकवतात तो रजपूत म्हणजे एकतर जोहार करणारा, नाहीतर मोगलांचा मनसबदार. बुंदीत दोन्ही सापडतात. सुर्जन हाडाने १५६९ मध्ये रणथंभोर अकबराच्या स्वाधीन केला. त्याच घराण्याचा छत्रसाल १६५८ मध्ये सामूगढला दाराच्या बाजूने लढत पडला. पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

जयपूरच्या सवाई जयसिंहाने बुंदीच्या बुधसिंहाला गादीवरून काढून दलेलसिंहाला बसवलं. बुधसिंहाची कछवाही राणी ही जयसिंहाचीच बहीण. भावाविरुद्ध तिने दक्खनेतून फौज बोलावली, सहा लाखांच्या बोलीवर. एप्रिल १७३४ मध्ये मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांनी बुंदी घेतली. राणीने मल्हाररावांना राखी बांधली. फौज परत फिरली आणि जयसिंहाने पुन्हा दलेलसिंहाला बसवलं. बुंदी घेणं हे आमच्या दृष्टीने एका मोहिमेचं काम होतं. ठाणं ठेवून ती राखणं आमच्या हिशेबात नव्हतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये हुरड्याला रजपूत राजे एकत्र जमले. कशासाठी? मराठ्यांना रोखण्यासाठी. पानिपत तेव्हा सत्तावीस वर्षं लांब होतं, सर. अब्दालीचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

१७४८ मध्ये बुधसिंहाच्या मुलाला, उमेदसिंहाला, गादी मिळाली ती मल्हाररावांच्याच जोरावर. हे श्रेय आपलं, मी ते नाकारत नाही. पण राखीच्या नात्याने मामा झालेल्या मल्हाररावांनी भाच्याकडून चंबळकाठचं केशोरायपाटण घेतलं. वर खंडणी. रजपुतांनी आपसातल्या भांडणांत आम्हाला भाड्याने आणलं, हे खरं. भाडं मात्र आम्ही कधी फिटू दिलं नाही, हेही तितकंच खरं.

जयपुरात तर कळस झाला. वारसाच्या भांडणात शिंदे आणि होळकर वेगवेगळ्या बाजूंना. थकलेल्या पैशांसाठी मल्हारराव चालून आले, तेव्हा डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने विष घेतलं. पुढच्याच महिन्यात जयपूरकरांनी शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल केली. पाच वर्षांनी नागोरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे दग्याने मारले गेले. आणि गादीवर आलेला माधोसिंह, ज्याला आम्हीच बसवला, त्याने पुढे अब्दालीशी संधान बांधलं. ही त्याची चूक होतीच. पण तो आपल्या बाजूने का उभा राहिला असता, याचं एक कारण मला कुणीतरी सांगावं.

खडकवासल्यात आम्हाला रसद शिकवली. कर्जात बुडालेली, पगार थकलेली फौज दुसऱ्याच्या मुलखावर जगते आणि मागे शत्रू सोडून जाते. पुण्याहून पैसा येत नव्हता, म्हणून सरदार हुंड्या आणि खंडण्यांवर मोहिमा चालवत होते. मल्हारराव वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. माझ्या मते तो त्या काळातला सर्वांत चतुर सेनानी. पण पानिपतावर रसद तुटली तेव्हा उत्तरेत धान्य देईल असं घर आपल्याजवळ उरलं नव्हतं, आणि त्या हिशेबात बुंदीही येते.

पुढे १८०४ मध्ये मॉन्सनची इंग्रज पलटण यशवंतराव होळकरांपुढे पळत सुटली, तेव्हा बुंदीच्या बिशनसिंहाने इंग्रजांना मदत केली. त्याची शिक्षा त्याच्या मुलखाने १८१७ पर्यंत भोगली. एका बाजूने मराठे, दुसऱ्या बाजूने पेंढारी. १० फेब्रुवारी १८१८ ला बुंदीने इंग्रजांशी तह केला. आपल्याकडे याला फितुरी म्हणायची सवय आहे. मला विचाराल तर थकलेल्या माणसाने दार लावून घेतलं.

केशोरायपाटणला चंबळेच्या घाटावर बसून मी हे टिपण काढलं. बाजूच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने विचारलं, "कहां के हो साहब?" मी म्हणालो, महाराष्ट्राचा. तो हसला आणि म्हणाला, "अच्छा, दक्खिनी." कर्नलसाहेब, तो एवढंच म्हणाला. पण मी उगाचच खिशातलं पाकीट चाचपलं आणि देवळात नेहमीपेक्षा जास्त दक्षिणा टाकली.