दिराचें रक्त

लहान ग्रामीण रुग्णालयांवरील नियमांचा भार हलका करा, असें कोणीं म्हटलें कीं आम्हां इंग्रजी शिकलेल्या शहरवासीयांस लागलीच संशय येतो. नियम वाढला म्हणजे सुधारणा झाली, अशी आमच्या वर्गाची जुनीच समजूत आहे. सरसकट सूट आम्हांसहि नको. परंतु एका नियमाचें समर्थन या मंडळींनीं करून दाखवावें.

प्रसूतीनंतर रक्तस्राव अनावर झाला म्हणजे बाई तासा-दोन तासांत हातची जाते. दीर दाराशीं उभा असतो, त्याचा रक्तगट जुळतो, शस्त्रवैद्यहि हजर असतो. तरीहि दिराचें रक्त तेथल्या तेथें काढून, तपासून भावजयीस देणें हा गुन्हा! रक्त काढण्यास रक्तपेढीचा परवाना पाहिजे, आणि परवान्यास १०० चौरस मीटर जागा, वातानुकूलित खोली व स्वतंत्र नोकरवर्ग पाहिजे. दहा खाटांच्या रुग्णालयानें हें आणावें कोठून? ‘रक्तसाठवण केंद्र काढा’ म्हणतात. संपूर्ण रक्त ३५ दिवसांपुढें टिकत नाहीं. जेथें महिन्याकाठीं चार पिशव्या लागतात, तेथें गटागटाच्या पिशव्या आणून फेंकून द्यावयाच्या काय? आयत्या वेळीं मागवावें, तर पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडची वाट आजवर कित्येक पावसाळ्यांत बंद पडलेली आहे.

१९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रक्तविक्रीच्या धंद्यास बंदी करविली, ती योग्यच होती. एड्सचें भय खरें होतें. पण दीर काय धंदा करावयास आला आहे? नुकताच झालेला संसर्ग तपासणींत कधीं निसटतो, असा आक्षेप आहे. तो पेढीच्या रक्तासहि लागू आहे. जवळच्या नात्याचें ताजें रक्त क्वचित् बाधतें, हेंहि खरें. मग गांवांत शेजारी नाहींत काय? या धोक्याच्या पारड्यासमोर दुसऱ्या पारड्यांत निश्चित मरण आहे, हें आक्षेपक विसरतात. खेड्यांतील बाई नियमाप्रमाणें मेली म्हणजे तिच्या मरणाचा दोष कोणाकडेच जात नाहीं, हीच या व्यवस्थेची खरी सोय!

सरकारास हें कळत नाहीं असेंहि नाहीं. याच औषध-नियमांच्या ‘के’ परिशिष्टांत सीमेवरील सैनिकी रुग्णालयांस, आणीबाणीच्या प्रसंगापुरती, परवान्यावांचून रक्त घेऊन देण्याची सूट आहे. अट तपासण्यांची: एड्स, दोन्ही काविळी, उपदंश व हिंवताप. शीघ्र तपासणीच्या साहित्यानें यांचे निकाल अर्ध्या तासांत हातीं येतात. छावणींत सैनिकास जें रक्त चालतें, तें त्याच्या गांवीं बाळंत होणाऱ्या त्याच्या बायकोस कां चालूं नये? ती सूट त्याच अटींसह, रक्तपेढीपासून दूर असलेल्या व शस्त्रवैद्य असलेल्या रुग्णालयांस द्यावी, आणि त्यांच्या नोंदवह्या जिल्हा शल्यचिकित्सकानें खुशाल दरमहा तपासाव्या.